वाट आणि मुक्काम : रायपूरच्या एका विद्यार्थी-प्रवाशाची आठवण

१८७७ साली कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमधील चौदा वर्षांचा एक विद्यार्थी आई व भावंडांसह रायपूरला निघाला. वडील, अॅटर्नी विश्वनाथ दत्त, कामानिमित्त तेथे होते. हा मुलगा म्हणजे नरेंद्रनाथ, पुढचे स्वामी विवेकानंद. अलाहाबाद, जबलपूर या मार्गाने नागपूरपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडी, असा हा प्रवास चरित्रकारांनी वर्णिला आहे. रायपूरला त्या वेळी लोहमार्ग पोहोचलेला नव्हता.

या प्रवासाची जी आठवण वाङ्मयात उरली ती स्वामी सारदानंदांच्या ‘श्रीरामकृष्णलीलाप्रसंग’ या बंगाली ग्रंथात. दोन्ही बाजूंची शिखरे वाटेवर जणू एकमेकांना भिडू पाहत आहेत. एका कड्याला माथ्यापासून पायथ्यापर्यंत भेग गेलेली आहे आणि त्या भेगेत मधमाश्यांच्या कित्येक पिढ्यांनी बांधलेले प्रचंड मोहोळ लोंबत आहे. ते पाहता पाहता मुलाचे देहभान हरपले. तो सावध झाला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. चरित्रकाराच्या दृष्टीने ही बहुधा त्याची पहिली पूर्ण तन्मयता होय.

अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. कथनात हा पर्वत विंध्य म्हणून येतो. परंतु विंध्याची रांग नर्मदेच्या उत्तरेस, तर नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारी वाट तिच्या पुष्कळच दक्षिणेस. त्या वाटेवर लागतात ते सातपुडा-मैकलचे पूर्वेकडील डोंगर. मग नाव चुकले म्हणावयाचे काय? भूगोलाच्या वहीत ती चूकच आहे. पण उत्तर भारतीय परंपरेत विंध्य हे केवळ एका रांगेचे नाव नसून दक्षिणेच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या पर्वताची ती पुराणकालीन संज्ञा आहे. आठवण सांगताना किंवा ती लिहून घेताना अपरिचित डोंगराला परिचित नाव मिळणे, हे स्मृतीच्या स्वभावाला धरूनच झाले. सर्वेक्षकाच्या नकाशावर ते मोहोळ शोधू जाणे व्यर्थ होय.

याच संदर्भात रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८७३ साली, म्हणजे अवघी चार वर्षे आधी, कलकत्त्याचाच दुसरा एक मुलगा वडिलांबरोबर बोलपूरमार्गे हिमालयात गेला. १९१२ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्या आठवणींत देवेंद्रनाथांनी मुलाच्या हाती सोपविलेले सोन्याचे घड्याळ आहे, आणि त्याला अति उत्साहाने किल्ली दिली गेल्यामुळे ते दुरुस्तीस पाठवावे लागल्याचा किस्साही आहे. स्वतःच्या बालपणाकडे प्रौढपणी हसून पाहण्याची ही मुभा आत्मकथनकाराला असते. नरेंद्रनाथांचा प्रवास मात्र गुरुबंधूने, त्यांच्या निधनानंतर, लिहिला. त्यामुळे पंधरवड्याच्या खडखडाटातून, धुळीतून आणि रात्रीच्या मुक्कामांतून जे निवडले गेले ते भावी संन्याशाला शोभेल तेवढेच. मोहोळ खरे असेल, नव्हे, ते खरेच वाटते. पण बैलगाडीत पाठ किती दुखली हे कोणी विचारले नाही. आपल्याकडील गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’ १८५७च्या धामधुमीनंतर पाव शतकाने लिहिला. तरी त्यात भूक, चोर आणि दक्षिणेचा हिशेब शाबूत राहिला, कारण लिहिणारा आणि भोगणारा एकच होता.

आणि रायपूर? आश्चर्य हे की शहराचे चित्र जवळजवळ नाहीच. आहे ते घराच्या आतले : मनाजोगी शाळा नसल्याने मोकळा वेळ, वडिलांशी चाललेले वाद, येणाऱ्या-जाणाऱ्या विद्वानांच्या चर्चांत भाग घेण्याची मुलाला मिळालेली परवानगी. १८७९ साली तो कलकत्त्यास परतला आणि प्रवेशपरीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. ज्या रायपुरात हे घडले, ते १८५४पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. दुधाधारी मठाच्या राममंदिराशी बिंबाजी भोसल्यांचे नाव आजही जोडले जाते. बंगाली आठवणीत या मराठी गावाचा मागमूस नाही. प्रवासी विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे घर पुरले, असे म्हणावे लागते.

त्याच गावात पुढे शिकलेल्या एका मराठी मुलाची गोष्ट निराळी. माधवराव सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यात पथरिया येथे जन्मले, हायस्कूलसाठी रायपूरला आले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला तो हिंदीत. टिळकांचे ‘गीतारहस्य’ही हिंदीत आणले. १९२६ साली त्यांचा अंत झाला तो रायपुरातच.

बुढापारा भागातील ‘डे भवन’ हे दत्त कुटुंबाचे राहते घर होते असे स्थानिक परंपरा सांगते. जवळच्या बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि २०१२पासून विमानतळही त्याच नावाचा आहे. कलकत्त्याहून येणाऱ्या प्रवाशाला आज त्या डोंगरांची वाट धरावी लागत नाही.