पेट्रोलच्या जुन्या जीपगाडीस डिझेलचें इंजिन

आमच्या माण गांवच्या एका बागाइतदारानें आपल्या जुन्या पेट्रोल जीपगाडींत ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन बसविलें. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकल्यावर असा खटाटोप अनेकांनीं केला.

तेल बदललें कीं काम झालें, असें मात्र नव्हे. जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा सुमारें सातव्या हिश्शाइतकी दाबली जाते व ठिणगीनें पेट घेतला जातो. डिझेल इंजिनांत ती सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाइतकी दाबून एवढी तापते कीं, फवारलेलें तेल आपोआप पेटतें. हा दाब जुन्या सिलिंडरास सोसत नाहीं. म्हणून सबंध इंजिनच बदलावें लागतें.

पुढें वेगाची अडचण. जीपचें मूळ इंजिन मिनिटास चार हजार फेरे घेई. ट्रॅक्टरचें दोन हजारांच्या आसपास घेतें. मागील आंसांतील दंतचक्रें तींच ठेविल्यास गाडी चढावर जोर धरते खरी, पण सडकेवर बैलगाडीशीं शर्यत लाविते! वाढलेल्या वजनानें पुढील पाटे बसतात. बॅटरीही मोठी लागते.

आमच्या बागाइतदारानें हें सर्व निस्तरलें. नोंदणीपुस्तकांत मात्र पेट्रोल व जुना इंजिन-क्रमांक तसाच राहिला, आणि विक्रीच्या वेळीं गिऱ्हाईक परत गेलें. फेरफार न घातलेल्या खरेदीखतांची अशीच गत आम्हीं दप्तरांत जन्मभर पाहिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें आधीं नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, व बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवावा. परवानगी हातीं येण्यापूर्वीं इंजिनाचा विसार देऊं नये.