एकटीने निभावू नकोस

पुणे

चि. सौ. बाळीस,


तुझे पत्र पोचले. अक्का आता पोटच्या लेकीला, तुलाच, "कुणाची गं तू?" असे विचारते, दुपार कलली की "घरी जायचंय" म्हणून धोशा लावते, आणि तिच्यावर ओरडल्यावर तुला रात्रभर झोप येत नाही, हे सारे वाचले. शेवटी तू लिहितेस, "मामा, मला अजून सोशीक व्हायला हवं." हे मात्र मला पटले नाही.

तुमच्या तिरुनीलक्कुडीच्या नीलकंठेश्वरावर कितीही तिळाचे तेल ओतले तरी ते पिंडीत जिरते, अशी ख्याती आहे. तू देव नव्हेस. तुझ्यात सगळे जिरणार नाही, आणि जिरावे अशी अपेक्षा कुणी करूही नये. हे स्मृतिभ्रंशाचे दुखणे वर्षानुवर्षे चालते. ते निभते घराभोवती माणसे गोळा केल्याने. एकटीच्या सहनशक्तीवर नाही.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे सहा महिने, पंधरवड्यातून एकदा तरी, अशा घरांत जात. आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला कसे तोंड द्यावे ते शिकवत, मुख्य म्हणजे ऐकून घेत. आजार काही मागे हटला नाही. पण सांभाळणाऱ्यांची मने सावरली. एवढेच हवे असते बाळ, आणि ते बाहेरून येऊ शकते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट जमल्यास पाहा. त्यात स्मृती हरवलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला ते जमते, कारण हे गृहस्थ पूर्वी कोण होते हे तिला ठाऊकच नसते. तुझ्या डोळ्यांपुढे मात्र रोज दोन अक्का असतात, कालची आणि आजची. म्हणून तू लवकर थकतेस, लवकर चिडतेस. त्यात तुझ्या मायेचा दोष नाही. कामाला येणाऱ्या बाईच्या हातून अक्का निमूट जेवते याचे वाईट वाटून घेऊ नकोस. त्या वेळेत आडवी हो.

त्या बाईला आपली मराठी थोडी शिकव. अशा आजारात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी विरते आणि लहानपणीची मागे उरते. अक्काची तमिळ आटत चालली आहे, असे तूच लिहितेस. पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, संडासला जायचंय, एवढे त्या बाईला कळले तरी निम्मी ओढाताण संपेल.

"हेच तुझं घर" असे समजावत बसू नकोस. "जाऊ या" म्हण आणि तिची घालमेल सुरू होण्याआधीच तिला देवळापर्यंत फिरवून आण. फुलवाली, देवळातले पुजारी गुरुक्कळ, कारैकाल रस्त्यावरच्या बसथांब्याजवळचा चहावाला, सगळ्यांना आजार उघड सांगून ठेव. तुझा फोन नंबर अक्काच्या अंगावर कायम असू दे. लपवलेल्या दुखण्यात शेजारी मदत करू शकत नाहीत. अक्काची अवस्था एकाएकी बिघडली तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नकोस. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, एखादी नवी गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखव. तिच्या बीपी-साखरेच्या गोळ्यांसाठी तुमच्या तमिळनाडू सरकारच्या 'मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्' योजनेतल्या बाईंना घरी येण्यास सांग. २०२१ पासून ती सोय आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

बेंगळूरुच्या भावाला "जमेल तसं ये" असे म्हणू नकोस. महिन्यातले कोणते दिवस तो अक्काजवळ राहणार आणि खर्चातला किती वाटा उचलणार, हे कागदावर घे. बँकेचे आणि घराचे काम वकिलाला विचारून आताच मार्गी लावा. कारण साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की कायद्याने संपते.

आणि तुझे स्वतःचे. राग येणे पाप नाही. हात उगारावासा वाटला तर तिला सुरक्षित बसवून खोलीबाहेर ये. झोप उडाली, जेवण जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानसची ही सेवा दिवसरात्र चालते, फुकट असते, तमिळमध्येही बोलता येते.

नुसता उपदेश करून मोकळा होणार नाही. दिवाळीनंतर मी तिकडे येतो आणि पंधरा दिवस अक्काजवळ राहतो. तिला मी ओळखू आलो नाही तरी चालेल, मला ती ओळखू येते. ते पंधरा दिवस तू मुलांकडे जा आणि रोज फोन करून चौकशी करू नकोस. तिकीट आजच काढ.

तुझा,
मामा