पन्नास दातांचं ब्लेड कुणी घ्यावं

माणगावात सुतारकाम करणाऱ्याला एकाच जातीचं काम सलग मिळत नाही. सकाळी निजामपूर बाजूच्या घराची सागाची चौकट, दुपारी बाजारपेठेतल्या दुकानाचं प्लायचं काउंटर, मध्येच कुणाचा तरी देव्हारा. मे महिन्यात मुंबईकर गावी उतरले की "मिस्त्री, गणपतीच्या आधी झालं पाहिजे हं" या एका वाक्यात तीन महिन्यांचं काम अंगावर येतं. शहरातला कारखाना नुसती किचन कॅबिनेटं करतो, त्याच्या मशीनवर एक ब्लेड चढलं की चढलं. इथे टेबल एक, मोटर एक आणि त्याच टेबलावर उभं चिरायचंही, आडवं कापायचंही. कॉम्बिनेशन ब्लेडचा विचार अशाच माणसाने करावा. इतरांना ते महागात पडतं.

१. ब्लेड घ्यायच्या आधी कामाची वही उघडावी.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती दाती देऊ?" याचं उत्तर दुकानात सापडत नाही. गेल्या दोन महिन्यांत लांबीत किती चिरलं, आडवं किती कापलं, प्लाय किती आणि मायका लावलेला माल किती, हे वहीतून काढावं. चिरणं आणि आडवं कापणं निम्मंनिम्मं असेल आणि तेही एकाच दिवसात आलटूनपालटून होत असेल, तर कॉम्बिनेशन ब्लेडचे पैसे वसूल होतात. चार दिवस नुसत्या पट्ट्याच काढायच्या असतील तर २४ दातांचं चिरायचं ब्लेड स्वस्तही पडतं आणि मोटरही कण्हत नाही.

२. चाळीस दाती म्हणजे कॉम्बिनेशन नव्हे.

दुकानात दोन्ही एकाच नावाने विकली जातात. ओळखायला सोपं आहे. दहा इंची ब्लेड हातभर लांब धरून कडेकडे पाहावं. ४० दातांच्या सर्वसाधारण ब्लेडवर दात सारख्या अंतरावर बसलेले दिसतात. खऱ्या कॉम्बिनेशन ब्लेडवर ५० दात पाच-पाचच्या दहा टोळ्यांत असतात आणि दोन टोळ्यांमध्ये एक खोल खाच असते.

ही रचना उगाच नाही. लाकूड उभं चिरताना लांब, दोरीसारखा भुसा निघतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते. ती खोल खाच त्यासाठी. आडवं कापताना तंतू आधी सुरीने तोडल्यासारखे तुटले पाहिजेत, नाहीतर खालच्या बाजूने ढलप्या निघतात. म्हणून टोळीतल्या चार दातांची डोकी आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे तिरकी घासलेली असतात. पाचवा दात सपाट डोक्याचा आणि बाकीच्यांपेक्षा किंचित बुटका. चौघांनी दोन्ही कडा तोडल्या की मधे उरलेलं तो खरवडून काढतो. यामुळे ड्रॉवरचा तळ बसवायला खोबण काढली तर तिचा तळ जवळजवळ सपाट येतो. नुसत्या तिरक्या दातांचं ब्लेड खोबणीच्या दोन्ही कोपऱ्यांत टोकदार रेघा सोडतं आणि मग पटाशी घेऊन बसावं लागतं.

चाळीस दाती वाईट नाही. प्लाय जास्त आणि भरीव लाकूड कमी, अशा दुकानात मी तेच घ्यायला सांगेन. पण पन्नास दातींचे पैसे देऊन चाळीस दाती आणू नये.

३. ब्लेड निवडायचं ते आपल्या लाकडावर.

परदेशी माहितीपत्रकांत ओक, मेपल, पाइन असतात. आपल्या टेबलावर येतो साग, फणस, ऐन, किंजळ, शिवण, कधी आंबा. यातलं प्रत्येक लाकूड ब्लेडशी वेगळं वागतं.

साग हाताला मऊ वाटतो, पण त्याच्या अंगात सिलिका असते. कापायला हलका, धार मारायला पटाईत. स्वस्त ब्लेडचे कार्बाइडचे तुकडे लहान आणि हलक्या प्रतीचे असतील तर सागावरच ते आधी उघडे पडतात. शिवण गरीब लाकूड, कुठल्याही ब्लेडला हो म्हणतं. ऐन जड आणि कडक. त्याचे तंतू एका बाजूने जाता जाता मधेच दुसरीकडे वळतात, त्यामुळे जाड ऐन लांबीत चिरायला पन्नास दाती लावली की मोटर गुदमरते. तिथे मी सरळ २४ दाती चढवतो. कॉम्बिनेशन ब्लेडची हद्द ऐनापाशी संपते, असं माझं मत आहे. निदान दीड-दोन इंचांपुढच्या ऐनापाशी.

फणस मात्र या ब्लेडसाठीच जन्मल्यासारखा. चिरतोही छान, आडवा कापही स्वच्छ येतो. फक्त चीक. ओल्या फणसाचा चीक दातांच्या बगलेत बसतो आणि ब्लेड बोथट झाल्यासारखं जळायला लागतं. (भुसा झाडताना एक गंमत कुणालाही दिसेल: तो हळदीसारखा पिवळा असतो. थायलंड-श्रीलंकेकडे बौद्ध भिक्खूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवायची परंपरा आहे. आमच्याकडे तो चुलीत जातो.)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, माणगावच्या पट्ट्यात घरांची छपरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि परसातले आंबे-फणस मुळांसकट आडवे झाले. पुढे कितीतरी दिवस सुताराकडे येणारं लाकूड हे असं पडझडीचं होतं. आंबा पावसात पडून राहिला की लगेच काळे डाग आणि कीड. फणसाचा आतला पिवळा गाभा मात्र टिकाऊ, तो वाया गेला नाही. त्या लाकडाने एक गोष्ट सगळ्यांना शिकवली: परसातल्या झाडाच्या पोटात खिळे असतात. कुंपणाची तार, पाटी ठोकलेला खिळा, पाळण्याचा आकडा, वाळत घालायच्या दोरीची कडी. झाड वाढतं आणि ते सगळं गिळून टाकतं. कार्बाइड कठीण असतं, पण ठिसूळही असतं. खिळ्यावर आदळलं की दात उडतो आणि उडालेला तुकडा कुठेही जाऊ शकतो. अशा फळीवर आधी लोहचुंबक फिरवावं, काळपट-निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असंच समजावं. तरीही शंका राहिली तर जुनं ब्लेड. जुन्या घरांच्या तुळया, वासे, दारं यांनाही हाच नियम.

जाता जाता एक. झाड आपल्या परसातलं असलं तरी साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. लाकूड स्वस्त मिळतंय म्हणून कागद न बघता घेऊ नये.

४. पातळ कापाचं ब्लेड पावसाळ्यात दगा देतं.

ब्लेडची कापाची जाडी साधारण ३.२ मिलिमीटर असते. पातळ कापाची ब्लेडं २.४ च्या आसपास येतात. लाकूड कमी वाया जातं, लहान मोटरला ओझं कमी होतं, म्हणून ती लोकप्रिय आहेत, आणि प्लायवर मलाही आवडतात. पण आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये शेडमधली सुकी फळीसुद्धा हवेतलं पाणी पिऊन बसते. असं लाकूड चिरताना काप मागच्या बाजूने मिटतो आणि ब्लेडला चावतो. पातळ पातं तापतं, लचकतं, काप वाकडा जातो. सगळ्यात वाईट म्हणजे मागून वर येणारे दात फळी उचलून अंगावर फेकतात.

यावर उपाय ब्लेडच्या मागे उभी राहणारी पाचर-पट्टी. गावात अँगल वेल्ड करून बनवलेल्या टेबलांना ती बहुधा नसते. बसवून घ्यावी, लोहार तासाभरात करतो. तिची जाडी पात्याहून जास्त आणि कापाहून कमी हवी. पातं २.२, काप ३.२ असेल तर अडीच मिलिमीटरची पट्टी बरोबर बसते. पातळ कापाचं ब्लेड आणलं तर ही पट्टीही बदलावी लागते, हे दुकानदार सांगत नाही.

५. मोटरला विचारावं.

तयार टेबल सॉवर दहा इंची ब्लेड मिनिटाला चार ते पाच हजार फेरे घेतं. पट्ट्यावर चालणाऱ्या आपल्या टेबलाचा हिशेब वेगळा. १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर सहा इंची पुली, ब्लेडच्या दांड्यावर तीन इंची पुली. म्हणजे ब्लेडला २८८० फेरे. इथे ८० दाती चढवून फळी हळूहळू ढकलली की प्रत्येक दाताच्या वाट्याला इतका बारीक घास येतो की तो कापत नाही, नुसता घासतो. मिनिटाला तीन मीटरच्या चालीने ढकललं तर पन्नास दातींच्या एका दाताला साधारण ०.०२ मिलिमीटर मिळतो, ऐंशी दातींच्या दाताला ०.०१३. कडेला काळे चटके पडतात ते यामुळे. लोक म्हणतात ब्लेड खराब. ब्लेड चांगलं असतं, दात जास्त असतात. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा तर हे डोळ्यांनी दिसतं.

पुली बदलून फेरे वाढवायचा मोह होतो. वाढवावेत, पण ब्लेडवर छापलेल्या कमाल फेऱ्यांच्या खूप आत राहूनच.

६. ब्लेडवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

२५४ × ३.२ × २.२ × २५.४, झेड ५०. म्हणजे व्यास, काप, पातं, मधलं भोक आणि दात. भोकाकडे नीट बघावं: २५.४ आणि ३० दोन्ही बाजारात मिळतात. मोठ्या भोकात रिंग घालून बसवता येतं, पण रिंग घट्ट आणि पात्याएवढीच जाड, किंबहुना केसभर कमी हवी. कागदाच्या घड्या घालून भोक भरणारे मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

आणि चार इंची मार्बल कटर. त्यावर लाकडाचं ब्लेड लावणं साइटवर सर्रास चालतं. त्याचे फेरे बारा-तेरा हजार, मागे पाचर-पट्टी नाही, ब्लेडवरचा संरक्षक कधीच काढून फेकलेला. प्लायचा तुकडा जागेवर कापायला ठीक म्हणू. फळी उभी चिरायला तो हातात घेणाऱ्या पोराला मी हाक मारून थांबवतो.

७. मायकाला वेगळं ब्लेड. यात तडजोड नाही.

कॉम्बिनेशन ब्लेडने मायका चिकटवलेला प्लाय कापला की कडेच्या कपच्या उडतातच. त्यासाठी ८० किंवा ९६ दातांचं, एक दात सपाट आणि एक दात कोपरे मारलेला, असं ब्लेड येतं. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर गणपतीच्या मखराची कामंही प्लाय आणि एमडीएफकडे वळली. असं काम महिनाभर चालणार असेल तर दुसरं ब्लेड घ्यावंच. नुसता साधा प्लाय असेल तर पन्नास दाती चालते, पण कापाच्या रेघेवर चिकटपट्टी मारून आणि चांगली बाजू वर ठेवून.

८. नवीन ब्लेडची परीक्षा घ्यावी.

फणसाची एक पट्टी लांबीत चिरायची, तीच आडवी कापायची, मग प्लायचा तुकडा वरच्या थराच्या तंतूंना आडवा. शेवटी ब्लेड खाली घेऊन उथळ खोबण काढायची आणि तळ बघायचा. चारही तुकड्यांवर तारीख टाकून खुंटीला टांगून ठेवावेत. सहा महिन्यांनी तेच काप पुन्हा काढून शेजारी धरले की धार किती गेली ते कळतं. पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं ब्लेड परत करायला कुणी जात नाही, पण पुढच्या वेळी कोणतं घ्यायचं नाही हे खुंटीवर लिहिलेलं असतं.

९. धार गेली म्हणण्याआधी धुवावं. धारेला पाठवलं तर सांगून पाठवावं.

निम्म्या वेळा ब्लेड बोथट नसतं, चिकाने माखलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी धुवायचा साबण, जुना टूथब्रश, चीक हट्टी असेल तर रॉकेल. मग कोरडं पुसून तेलाचा हात, कारण इथल्या हवेत एका रात्रीत पातं तांबूस होतं.

कार्बाइडला कानस चालत नाही, हिऱ्याचं चाक लागतं. आमची ब्लेडं धारेला पुण्यात जातात, ताम्हिणीतून ये-जा करणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून, दोन पुठ्ठ्यांच्या मधे बांधून. सोबत चिठ्ठी हवी: पाचवा दात सपाट आणि बुटका ठेवा. घाईतला धारवाला सगळ्या दातांना एकच तिरकस धार देऊन मोकळा होतो, किंवा सगळे एका उंचीवर आणतो. मग तिरक्या दातांनी तंतू तोडायच्या आधीच सपाट दात त्यांना धडकतो आणि आडव्या कापाला ढलप्या निघायला लागतात. ब्लेड परत आलं की आधी खोबण काढून बघावी. तळ सपाट आणि कोपऱ्यांत अगदी बारीक रेघ असेल तर काम नीट झालंय. तळ छपरासारखा उतरता आला, किंवा सपाट असूनही तोंडाशी तंतू फाटले, तर ब्लेड पुन्हा पुठ्ठ्यात बांधावं आणि या वेळी चिठ्ठीवर दाताचं चित्र काढून द्यावं.