लय, पट्टी आणि तबकडीचा वेग

आमच्या आजोबांच्या घरी किल्लीचा ग्रामोफोन होता. एका नाट्यगीताची तबकडी ते दर रविवारी लावीत. किल्ली पुरेशी दिलेली नसली, की गाणे निम्म्यावर आले असताना बुवांचा आवाज खाली खाली घसरू लागे, ताना जड होत आणि शेवटी एखादा म्हातारा झोपेत बरळावा तसा सूर निघे. आम्ही मुले हसत असू. आजोबा मात्र घाईघाईने उठून किल्ली फिरवीत. त्यांच्या दृष्टीने तो बुवांचा अपमान होता. तबकडी हळू फिरणे म्हणजे यंत्राचा दोष, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले होते.

त्यामुळे बेल्जियममधील एका खेड्यात लोक मुद्दाम तबकड्या हळू फिरवून त्यांवर नाचत असत, आणि त्याच जातीच्या तबकड्यांना उत्तर इंग्लंडमध्ये कधी वेग देऊन वाजवले जाई, हे वाचल्यावर मला प्रथम नवल वाटले आणि मग थोडा रागही आला. त्या रागाचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम संगीताविषयी. सोल संगीत म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे चर्चमधील भक्तिगायन आणि त्यांचेच लौकिक रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून १९५० नंतर घडलेली गायकी. डेट्रॉइटची मोटाऊन ही कंपनी १९५९ साली सुरू झाली आणि तिच्या गाण्यांनी जग जिंकले. पण तिच्या यशाकडे पाहून गल्लीबोळांत लहानलहान कंपन्याही निघाल्या. त्यांनी थोड्याथोड्या तबकड्या छापल्या. त्यांतील बहुसंख्य खपल्या नाहीत आणि गोदामांत पडून राहिल्या. गायक दुसऱ्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागले.

या पडून राहिलेल्या तबकड्या उत्तर इंग्लंडमधील कामगार वस्तीतील तरुणांनी शोधून काढल्या. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील या क्लबात रात्रभर त्यांवर नाच चाले. १९७० साली डेव्ह गॉडिन या लेखकाने या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव दिले. सप्टेंबर १९७३ मध्ये विगन या गिरणगावातील कॅसिनो नावाच्या जुन्या नृत्यगृहात रात्रभराचे नाच सुरू झाले आणि १९८१ च्या डिसेंबरपर्यंत ते चालले. तेथे मद्य मिळत नसे (उत्तेजक गोळ्या मात्र खिशांतून येत, हेही सांगितले पाहिजे). लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरून मुले एकेकटी नाचत : गिरक्या, उंच लाथा, पाठीवर पडून पुन्हा उसळी. आठवडाभर कारखान्यात यंत्राच्या चालीने राबणाऱ्या या मुलांना द्रुत लय हवी होती. मिनिटाला सव्वाशे-दीडशे ठोक्यांच्या आसपासची.

बेल्जियमची गोष्ट निराळी. अँटवर्पजवळच्या व्हरासेन या खेड्यात ‘पॉपकॉर्न’ नावाचे नृत्यगृह होते. तेथेही १९७० च्या सुमारास अमेरिकेतील जुन्या, विस्मृत तबकड्या वाजू लागल्या. पण गर्दी होई ती रविवारी दुपारी आणि नाच असे जोडीचा. हातात हात घेऊन, पाय सावकाश सरकवीत, जणू सगळा दिवस आपलाच आहे अशा बेताने. तेथील श्रोत्यांना मध्यलयीची, काहीशी उदास वळणाची गाणी भावत. हळूहळू या सगळ्या प्रकारालाच ‘पॉपकॉर्न’ म्हणू लागले. गाणे चांगले आहे पण पायांना थोडे जलद पडते आहे असे दिसले, की तबकडी वाजवणारा तिचा वेग उतरवी.

आपल्याकडे डी.जे. म्हटले की मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि खिडक्यांची थरथरणारी तावदाने आठवतात. येथे अभिप्रेत असलेला डी.जे. तसा नव्हे. दोन फिरत्या चकत्यांमागे उभा राहून समोरच्या पायांकडे पाहणारा हा माणूस. लावणीच्या बैठकीत ढोलकीवाल्याची नजर जशी नाचणारीच्या पावलांवर असते, तशी याची असते. तो साथीदारच आहे; फक्त त्याची गायक मंडळी हजारो मैल दूर आहेत आणि आपली साथ कशी चालली आहे हे त्यांना ठाऊक नाही.

आता मुख्य अडचण पाहू. आपल्या मैफलीत लय आणि पट्टी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गायक काळी एकमध्ये विलंबित गातो आणि काळी एकमध्येच द्रुत गातो. षड्ज जागचा हलत नाही. तबकडीत मात्र या दोहोंची गाठ बांधलेली असते. खोबणीतील लाटा सुईखालून जितक्या भराभर जातील तितकी कंपनसंख्या जास्त, म्हणजेच सूर चढा. वेग शेकडा ६ ने वाढवला, की पांढरी दोनमधील गाणे जवळजवळ नेमके काळी दोनमध्ये जाते. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी साडेबेचाळीस फेऱ्यांनी फिरवली, की काळी एकचे गाणे पांढरी एकवर उतरते, आणि अडीच मिनिटांचे गाणे नऊ सेकंद अधिक चालते. एवढा फरक कानाला खुपत नाही. पायांना मात्र तो लगेच कळतो.

याहून सूक्ष्म बदल आवाजाच्या जातीत होतो. प्रत्येकाच्या गळ्याची व तोंडाच्या पोकळीची घडण त्याच्या आवाजात उमटलेली असते. तबकडीचा वेग बदलला की तीही सरकते. हळू केलेली गायिका वयाने मोठी वाटते, तिच्या स्वरात एक जडशीळ दुःख येते. तिने ते गायिलेले नसते. वेगवान केलेला गायक पोरसवदा, अधीर वाटतो. १९५८ साली अमेरिकेत ‘चिपमंक्स’ या नावाने खारींच्या आवाजातील गाणी निघाली, ती हीच युक्ती टोकाला नेऊन. म्हणजे वेग बदलणारा केवळ लय बदलत नाही; तो गाणाऱ्याचे वय आणि मनःस्थितीही बदलतो.

हे करायची साधने साधीच होती. स्वित्झर्लंडच्या लेन्को कंपनीच्या काही यंत्रांत मोटरचा दांडा शंकूसारखा निमुळता असे व त्यावर टेकलेले रबरी चाक मागेपुढे सरकवता येई. जाड भागावर चाक आले की वेग जास्त, बारीक भागावर आले की कमी. जपानच्या टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे यंत्र १९७२ साली आले. त्याच्या १९७९ च्या सुधारित आवृत्तीत एक सरकती पट्टी बसवली होती, तिने वेग शेकडा ८ पर्यंत वर किंवा खाली नेता येई. पुढे जगभर डी.जे. लोकांनी हेच यंत्र प्रमाण मानले.

आता माझ्या रागाविषयी. या साऱ्या व्यवहारात गायकाला कोणी विचारले काय? आमच्या मराठीच्या सरांशी मी यावर बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे असे, की नाटककाराची संहिता दिग्दर्शक कापतो तेव्हा आपण तक्रार करीत नाही, मग येथेच का? मला हा दाखला अपुरा वाटतो, कारण संहिता कापली तरी नट स्वतःच्या आवाजात बोलत असतो. तरीही सभागृहापुरते मी सरांचे मानले. ज्या गाण्याला त्याच्या गावाने टाकले, ते दुसऱ्या गावाने आपल्या पावलांना जुळवून घेऊन जिवंत ठेवले. नाच संपला की तबकडी पुन्हा पाकिटात जाते आणि ती होती तशीच असते.

पण सभागृहाबाहेर गोष्ट बदलते. १९७५ च्या आरंभी ‘फुटसी’ नावाचे एक वादन इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत आले. मूळ तबकडी द चोझन फ्यू या कॅनडातील वाद्यवृंदाची, १९६० नंतरच्या दशकातील. तिचा वेग वाढवला, वर फुटबॉलच्या गर्दीचा गलका चढवला आणि ‘विगन्स चोझन फ्यू’ या नावाने ती नव्याने विकली. येथे वाढवलेला वेग छापला गेला, कायम झाला; ज्याने फक्त हीच तबकडी ऐकली त्याला मूळ चाल कधी कळणारच नाही. आणखी एक प्रथा होती : दुर्मीळ तबकडीवरील नाव झाकून तिला खोटे नाव द्यायचे, म्हणजे दुसऱ्या डी.जे.ला ती सापडू नये. फ्रँक विल्सन याने मोटाऊनसाठी १९६५ साली गायिलेले एक गाणे असेच एडी फॉस्टर या नावाने वाजत होते. त्याची एक मूळ प्रत २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ज्याचे नावच झाकले, त्याची लय बदलली म्हणून तक्रार करणे काहीसे विनोदीच वाटते.

याच्या उलट चित्र म्हणजे मेजर लान्स. शिकागोचा हा गायक इंग्लंडमध्ये आला, टन्स्टॉलच्या गोल्डन टॉर्च या क्लबात गायला आणि त्या मैफलीची तबकडीही १९७३ साली निघाली. तेथे समोर नाचणारे होते, मागे वाजवणारे होते, आणि लय किती ठेवायची हे ठरवणारा गायक स्वतः हजर होता.

बेल्जियमने पुढे ही युक्ती आणखी ताणली. १९८६ च्या ‘फ्लेश’ या गाण्याची ४५ फेऱ्यांची तबकडी तेथील डी.जे.नी ३३ वर लावली आणि सरकती पट्टी वरच्या टोकाला, म्हणजे शेकडा ८ वर नेली. त्यातून ‘न्यू बीट’ हा संथ, भारदस्त नाचाचा प्रकार रूढ झाला. तो सोल नव्हे, पण त्यातील हिशेब मला मोहवून गेला. सव्वातेहतीस नव्हे, नेमके तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे; त्यांत शेकडा ८ मिळवले की बरोबर ३६ होतात. ३६ भागिले ४५ म्हणजे चार पंचमांश, आणि षड्ज व शुद्ध गंधार यांच्यातील नातेही चारास पाच असेच आहे.

हे खरेच तसे ऐकू येते का, म्हणून संगीत विभागातील पेटी मागून घेतली आणि एका मित्राच्या मोबाइलवर एक गाणे चार पंचमांश वेगाने लावले. आजकाल अशा उपकरणांत पट्टी न हलवता नुसती लय बदलण्याची सोय असते, म्हणजे ती जुनी गाठ सुटलेली आहे. ती सोय आम्ही बंद ठेवली. मूळ गाण्याचा गंधार जेथे लागत होता, तेथे पेटीवर मी षड्ज धरला होता. गायिकेचा गंधार खाली येऊन त्यावर टेकला. पेटीच्या स्वरांत जो किंचित फरक असतो तेवढाच राहिला. मित्र म्हणाला, “ही बाई दमलीय रे.” मी गाणे पुन्हा मूळ वेगावर लावले.