वाटसरू वाघ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही धाराशिवहून येडशीला एस.टी.ने कधी गेला आहात का? अंतर सुमारे २० किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना शेते दिसतात. येडशी आली, की बालाघाटाचे डोंगर लागतात. येथे रामलिंगाचे देऊळ आहे आणि त्याच्याभोवती जंगल. १९९७ साली सरकारने हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर केले. अभयारण्य म्हणजे प्राण्यांना भय नसलेले रान. हे रान लहान आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटर. येथे माकडे, मोर, ससे, कोल्हे राहतात. वाघ मात्र नव्हता.

डिसेंबर २०२४ मध्ये नवल घडले. वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघाचे छायाचित्र आले! हा कोठून आला? आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यांवरून ओळख पटली. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा होता. म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटर दूरचा!

आपण प्रवासाला निघतो, तेव्हा गाडी असते, शिदोरी असते, वाट विचारायला माणसे असतात. वाघाजवळ यातले काही नव्हते. त्याने किती शेते, किती ओढे, किती डांबरी रस्ते ओलांडले असतील!

तो घर सोडून का निघाला? वाघ मोठा झाला, की त्याला स्वतःचे वेगळे क्षेत्र लागते. जुने वाघ आपल्या क्षेत्रात त्याला राहू देत नाहीत. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ २०१९ साली असाच निघाला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्यामुळे तो तीन हजार किलोमीटरहून अधिक चालल्याचे समजले.

येडशीचा वाघ पाहून सर्वांनाच आनंद झाला नाही. त्याने आसपासच्या गावांतील जनावरे मारली. ज्याची गाय गेली, त्याचे दुःख खरे आहे. अशा वेळी पंचनामा होतो आणि सरकार भरपाई देते. २०२५ साली या वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे प्रयत्नही झाले. पण वाघाने तरी काय करावे? एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला त्याला सलग झाडी उरलेली नाही.

मित्रांनो, जंगलातला रस्ता आपण बांधला. पण ती वाट प्राण्यांचीही आहे. तेथून जाताना गाडी सावकाश चालवायला सांगा. विनाकारण हॉर्न वाजवू नका. माकडांना खाऊ टाकू नका. खाऊसाठी ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. आपण घाईत असलो, तरी एखादा वाटसरू समोरून रस्ता ओलांडत असेल. त्याला आधी जाऊ द्या.

शब्दार्थ
वाटसरू : मुसाफिर
रान : जंगल
नवल : आश्चर्य
शिदोरी : प्रवासात बरोबर घेतलेले जेवण
सलग : मध्ये न तुटलेले

स्वाध्याय
१. वाघाची ओळख कशावरून पटली?
२. तरुण वाघ आपले जंगल का सोडतो?
३. जंगलातून प्रवास करताना तुम्ही कोणती काळजी घ्याल? पाच वाक्ये लिहा.