खाडीकाठचे घर, मोठी खिडकी आणि पडद्याचे कापड

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला लोकांच्या घरातील चुका त्यांच्या घरी न जाताही कळतात. गिऱ्हाईक खिडकीचे माप सांगते, दिशा सांगते आणि कापड मागते, एवढे पुरते. गेल्या काही वर्षांपासून कोकणातील, विशेषतः आखाती देशांतून परतलेल्या आपल्या बांधवांची एक मागणी वारंवार येते. खिडकी बारा फूट रुंद, आठ फूट उंच, तोंड समुद्राकडे किंवा खाडीकडे, आणि कापड असे हवे की उजेडाचा कणही आत येता कामा नये. पाणी दिसावे म्हणून जी भिंत काढली, तीच भिंत ते माझ्याकडे कापडाची करून मागत असतात.

धंद्याच्या हिशेबाने ही मागणी वाईट नाही. बारा फूट खिडकीला चुण्या नीट पडायच्या तर दुप्पट, म्हणजे चोवीस फूट रुंदी धरावी लागते. अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे सहा तुकडे. शिलाई आणि दुमड धरून प्रत्येकी नऊ फूट, म्हणजे चोपन्न फूट किंवा साडेसोळा मीटर. आतून अस्तर लावले तर तेवढेच आणखी. एका खिडकीमागे तेहतीस मीटर कापड खपते. तेव्हा मी गप्प बसावे हेच बरे. पण या तेहतीस मीटरचे एक गिऱ्हाईक माझा सख्खा धाकटा भाऊ होता, म्हणून हा लेख.

आमचे वडिलोपार्जित घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी उंचवट्यावर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, पश्चिमेला आठ फुटी पडवी, मग ओटी, मग माजघर. भाऊ कुवेतहून 2014 साली कायमचा परत आला. पंचवीस वर्षांची कमाई होती आणि घर नव्या पद्धतीचे करावे ही इच्छा होती. पडवी पाडून तेथे थेट काच बसवायची, म्हणजे बैठकीतून सगळी खाडी दिसेल असा बेत ठरला. अम्मी म्हणाल्या, "पडवी राहू द्या, पावसात कुठे बसाल?" मी त्यांना समजावले की जमाना बदलला आहे. भावाला होकार देणारा मीच होतो, हे येथे लिहून ठेवतो.

पहिल्याच मार्चमध्ये दुपारी दोननंतर त्या बैठकीत बसवेना. जूनमध्ये पश्चिमेची झड सरकत्या खिडकीच्या पन्हाळीतून आत आली आणि गालिचा भिजला. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. जुने लोक जूनपूर्वी पडवीला नारळाची झापे बांधत ती उगीच नव्हे.

आता या प्रश्नाचे मूळ पाहू. आपल्या किनाऱ्यावर पाणी पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, आणि दुपारचे ऊन व पावसाची झड हीही पश्चिमेचीच. ज्या दिशेला नजारा आहे त्याच दिशेला त्रास आहे. ही अडचण मोठमोठ्या वास्तुशिल्पकारांनाही आली. मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा नावाची अठ्ठावीस मजली इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली ही इमारत 1983 साली पुरी झाली, तिच्यात बत्तीस घरे आहेत. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदर, म्हणून घरांची तोंडे पूर्व-पश्चिम ठेवावीच लागली. मग कोरियांनी काय केले? काच बाहेरच्या कडेला आणली नाही. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल बागवजा गच्च्या ठेवल्या आणि राहण्याच्या खोल्या त्यांच्या मागे घेतल्या. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असे, तोच विचार त्यांनी हवेत उंच नेला. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो असेन, पण आमच्या अब्बांच्या पडवीचा आणि त्या गच्चीचा उद्देश एकच आहे हे पडवी पाडल्यानंतर लक्षात आले.

वाचक विचारतील, जाड पडदा लावला की भागले ना? नाही भागत, आणि पडदे विकणाऱ्याने हे सांगणे जरुरीचे आहे. ऊन काचेतून आत आले की पडद्यावर पडते, पडदा तापतो, आणि त्या तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून बाहेर जात नाही. ती खोलीतच फिरते. डोळ्यांना अंधार मिळतो, अंगाला गारवा मिळत नाही. वातानुकूल यंत्र लावले तर ते त्या उष्णतेशी दिवसभर झगडते आणि बिल मालक भरतो. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. दोन फुटी छज्जा दक्षिणेच्या खिडकीला उपयोगी असतो, पण पश्चिमेचे ऊन खाली उतरून छज्ज्याखालून आत शिरते. तेथे खोल पडवीच हवी, आणि शेवटच्या दोन-तीन तासांसाठी तिच्या कडेला बांबूची चिक.

भावाने 2018 साली पडवी पुन्हा उभी केली. आठ फूट खोल, कौलारू, कड जमिनीपासून सात फुटांवर. आता मार्चमध्ये सुमारे चार वाजेपर्यंत काचेला ऊन लागत नाही. भावाला धास्ती होती की एवढे खाली उतरलेले छप्पर खाडी झाकेल. तसे झाले नाही. बसलेल्या माणसाचे डोळे चार फुटांवर असतात आणि खाडी तर खाली आहे. छपराने झाकले ते आभाळ, आणि डोळे दिपत होते ते आभाळानेच. पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. हे मला आधी कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

कागदांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पैसा येथेच अडकतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची, त्यानंतर 2011 आणि 2019 च्या. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर, दाट वस्तीच्या भागात 50 मीटर, आणि खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढ्यात नवे घर बांधता येत नाही. जुने अधिकृत घर दुरुस्त करण्यास मुभा आहे, पण जोते आणि चटई क्षेत्र पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. म्हणजे एकदा पाडलेली पडवी पूर्वी होती, हे सिद्ध करण्याची पाळी मालकावर येते. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा जुना उतारा अम्मींच्या पेटीत सापडला, त्यात पडवीचे माप होते. म्हणून निभावले. काहीही पाडण्यापूर्वी उतारा काढा, जोत्याची मापे घेऊन ठेवा, चारी बाजूंचे फोटो काढा आणि तालुक्याला जाऊन आपले घर नकाशात कोठे येते ते विचारून घ्या.

सामानाचे थोडक्यात. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. बिजागऱ्या व स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, साधे स्टेनलेसही तेथे डागाळते. मोठी काच टफन केलेलीच हवी. सरकत्या खिडकीची खालची पन्हाळ बाहेरच्या बाजूला पाणी सोडणारी आहे की नाही, हे बसवण्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

आणि कापड? ते सर्वांत शेवटी घ्यावे. घर झाल्यावर एक मे महिना आणि एक पावसाळा त्यात राहावे, मगच माप घेऊन दुकानात यावे. उन्हात रंग किती टिकतो याला एक ते आठ असे आकडे असतात. पश्चिमेच्या खिडकीसाठी सहाच्या खालचे घेऊ नये, आणि दुकानदाराला आकडा सांगता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. रेशीम उन्हाने विरते. सुती कापडाला कोकणच्या दमटपणात बुरशी धरते, पॉलिस्टरला ती सहसा धरत नाही.

भावाने जुने तेहतीस मीटर उतरवून ठेवले आहेत. नव्याने त्याने माझ्याकडून साडेसोळा मीटर पांढरे पातळ व्हॉइल नेले, अस्तराशिवाय. रात्री दिवा लागल्यावर बाहेरून दिसू नये एवढ्यापुरते. अम्मी असर झाल्यावर पडवीत बसतात.