दुर्बीण घेण्यापूर्वी

वर्धा

चि. ओंकार,

बोर व्याघ्र प्रकल्पात गाईड म्हणून तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. ताई म्हणाली, तू ऑनलाइन ‘६०x६०’ची दुर्बीण पाहून ठेवली आहेस, दोन हजारांच्या आत. ती मागवू नकोस.

या आकड्यांतला पहिला किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा समोरच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. साठपट दाखवणारी दुर्बीण हातात धरून कुणालाच वापरता येणार नाही, कारण हाताची थरथरही साठपट होते. म्हणजे आकडाच खोटा. तो पकडायला फूटपट्टी पुरते. दुर्बीण उजेडाकडे धरायची आणि डोळा हातभर लांब ठेवून मागच्या काचेत पाहायचं. तिथे उजेडाचा गोल ठिपका दिसतो, तो मोज. समोरच्या काचेच्या व्यासाला त्याने भागलं की खरी पट निघते. काच ४० मिमी आणि ठिपका ५ मिमी भरला तर दुर्बीण आठपटीची, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

तू ८x४२ घे. तिचा ठिपका सव्वापाच मिमीचा. पहाटे फाटक उघडतं तेव्हा उजेड कमी असतो, तुझ्या वयात बाहुली सहा-सात मिमीपर्यंत उघडते, आणि मोठा ठिपकाच तेव्हा कामी येतो. २०x५०चा अडीच मिमीच भरतो. भर दुपारी चालेल, पण पक्षी दुपारी कुठे दिसतात? २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या आपल्या बोरचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. वाघ रोज दिसेलच असं नाही. पर्यटकाला नीलपंख, सर्पगरुड, धरणावरची हिवाळी बदकं नीट दाखवता आली पाहिजेत. तुझं काम त्यावर चालणार आहे.

वर्ध्यात अशा दुर्बिणी सहसा मिळत नाहीत, तेव्हा नागपूरला जा. दुकानाच्या आत पाहू नकोस, फुटपाथवर ये. विजेची आडवी तार बघ आणि डोळे हळूहळू वीतभर मागे घे. दोन नळ्यांतली तार खालीवर झाली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशी दुर्बीण तासाभरात डोकं दुखवते. पांढऱ्या आभाळासमोरची काळी फांदी बघ. कडेला जांभळी-हिरवी किनार थोडी असतेच, पण ठळक असेल तर परत दे. ठिपक्याच्या कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर आतला लोलक हलक्या काचेचा. समोरच्या काचा लालभडक असतील तर हातही लावू नकोस. फोकसचं चाक उलटसुलट फिरवून बघ, मध्ये पोकळ फिरता कामा नये.

हवं ते मॉडेल बरेचदा संपलेलं असतं. मग दुकानदार “अगदी तसंच आहे” म्हणत दुसऱ्याच नावाचं पुढे करतो. ते खरंही असू शकतं. एकाच कारखान्याचा माल अनेक नावांनी विकला जातो. पण वरच्या सगळ्या परीक्षा पुन्हा कर, नाहीतर महिनाभर थांब. तोवर सोबतच्या गाईडांपैकी कुणाची तरी वापर. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर दोन हजार स्वस्त पडली तरी नको.

दहा-बारा हजारांत चांगली मिळते. त्या पैशात सरळ नळ्यांच्या चकचकीत दुर्बिणीपेक्षा जुन्या घाटाची, खांदे असलेली घे. ती बनवायला सोपी, म्हणून तेवढ्याच किमतीत काच सरस येते. वजन आणि पावसाची भीती मात्र सांभाळावी लागेल. जुनी मिळाली तर आत टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सोडून दे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती पटकन धरते, म्हणून घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेव. आणि काच शर्टाच्या टोकाने कधी पुसू नकोस, आधी धूळ उडव.

पैसे कमी पडले तर हप्त्यावर घेऊ नकोस, मला सांग. नागपूरचा दिवस ठरला की कळव, मीही येतो.

तुझा,
मामा